हेतू कोर्टात शोधा, बंद दार इथे मोजा

कराडच्या सरकारी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरा मारला. शेरा माझ्या जातीमुळे मारला, असं कर्मचाऱ्याचं म्हणणं. जातीचा काही संबंध नाही, असं वरिष्ठांचं. २००६ च्या जानेवारीत कराड पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या वरिष्ठांवर खटला भरायला लागणारी परवानगी तंत्रशिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने नाकारली, तेव्हा पुढे २०१६ मध्ये त्या अधिकाऱ्यावरही ॲट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २० मार्च २०१८ ला जो निकाल लागला, त्याने देश ढवळून निघाला. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, मंजुरीशिवाय अटक नको, अटकपूर्व जामिनाला सरसकट आडकाठी नको, असे निर्देश कोर्टाने दिले. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये उत्तरेत माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घालून ते निर्देश निष्प्रभ केले. १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते स्वतःच मागे घेतले आणि २०२० च्या फेब्रुवारीत संसदेची दुरुस्तीही वैध ठरवली.

या सगळ्या काळात देशभर वाद झाला तो अटकेचा, जामिनाचा आणि चौकशीचा. मूळचा शेरा रास्त होता की नव्हता, तो मारताना बाकीच्या कर्मचाऱ्यांना लावलेलीच फूटपट्टी लावली होती का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात कुणाच्या तोंडी राहिला नाही. आपल्याकडच्या जातीच्या वादाचं दुखणं मला इथेच दिसतं.

आमच्या सातारा-सांगलीत हा वाद २०१८ च्या आधीच तापला होता. कोपर्डीच्या अत्याचारानंतर २०१६ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. साताऱ्यात आणि सांगलीत रस्ते पुरले नाहीत इतकी माणसं आली. मागण्यांच्या यादीत ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर थांबवा, ही मागणी ठळक होती. त्याला उत्तर म्हणून कायदा वाचवण्यासाठीही मोर्चे निघाले. त्या दिवसांत पारावर, एसटीत, कारखान्याच्या गव्हाणीवर एकच बोलणं. एक म्हणायचा, ‘‘आम्ही जात मानतच नाही, पण जरा बोललं की ॲट्रॉसिटी घालीन म्हणत्यात.’’ दुसरा म्हणायचा, ‘‘जात मानत नाहीसा, मग आमच्या आळीतल्या मयताला तुमचं स्मशान का चालत नाही?’’ पहिला आपल्या मनाबद्दल बोलत होता, दुसरा गावाच्या व्यवस्थेबद्दल. दोघेही खरं बोलत असू शकतात, आणि म्हणूनच हे भांडण मिटत नाही.

माझं म्हणणं असं आहे. एखाद्याला तुरुंगात घालायचं असेल तर त्याचा हेतू तपासलाच पाहिजे, आणि काटेकोरपणे तपासला पाहिजे. पण एखाद्यावर जातीमुळे किंवा वंशामुळे अन्याय होतोय का आणि तो दुरुस्त करायचा का, हे ठरवण्यासाठी कुणाच्या मनात शिरायची गरज नाही. कुणाला काय मिळालं, कुणाला मिळालं नाही आणि का, एवढं बघितलं की पुरे. हे दोन वेगळे प्रश्न आपण एका दाव्याला बांधून टाकलेत. त्यामुळे अन्याय दाखवणारा आपोआप फिर्यादी ठरतो, ऐकणारा आपोआप आरोपी होतो, आणि आरोपीसारखाच बचाव करायला लागतो.

१९०१ सालचा एक प्रवास बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलाय. तो आमच्याच मुलखातला आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांच्याकडे जायला भीमराव भावाभाच्यांसह साताऱ्याहून रेल्वेने निघाले आणि मसूर स्टेशनला उतरले. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगमगीत टोप्या, पायात नवे बूट. वडिलांना निरोप पोचला नव्हता, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. पोरं ताटकळलेली बघून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, कुठे जायचं, कुणाची मुलं. आम्ही महार, असं मुलांच्या तोंडून निघालं आणि मास्तरांचा चेहरा बदलला. ते तडक आपल्या खोलीत निघून गेले.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थोड्या वेळाने मास्तर परत आले. स्टेशनबाहेर बैलगाड्या होत्या, पण ही मुलं कोण हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार नव्हता. तोडगा मास्तरांनीच काढला: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालेल. गाडीवान कबूल झाला. रात्र पडली. मुलांजवळ जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी नव्हतं, आणि पाण्यावाचून बरंचसं अन्न तसंच राहिलं. टोलनाक्यावर पाणी मागायचं तर मुसलमान आहोत असं सांगा, असा सल्ला गाडीवानानेच दिला. मुलांनी तसं सांगितलं, तरी नाकेदाराने पाणी दिलं नाही. पोरं रात्रभर उपाशी राहिली.

आता आजची कसोटी लावा. स्टेशनमास्तर वाईट माणूस होता का? गाडी मिळवून दिली ती त्यानेच. गाडीवान वाईट होता का? तो रात्रभर बरोबर राहिला, पाणी मिळावं म्हणून युक्तीही सांगितली. प्रत्येकाला विचारलं असतं तर प्रत्येकाने शपथेवर सांगितलं असतं की माझ्या मनात त्या लेकरांबद्दल काही नव्हतं. कदाचित ते खरंही असेल. पण सगळ्यांची बेरीज अशी झाली की खिशात पैसे, अंगावर नवे कपडे आणि जवळ अन्न असूनही मुलं तहानलेली राहिली. हेतूची कसोटी लावली तर मसूर ते गोरेगाव या रस्त्यावर जातीयवाद औषधालाही सापडणार नाही. हाताला काही लागत नसेल तर दोष कसोटीचा धरावा लागतो. त्याच काळात साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापत नसे, थोरली बहीण कापायची. शाळेत बसायला वेगळं गोणपाट, आणि नळ सोडायला शिपाई नसला की दिवसभर पाणी नाही. ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव घातलं ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून उभी आहे आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. भाषणं चांगली होतात. शिपायाच्या त्या नळाबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

अशी भांडणं फक्त आपल्याकडची नाहीत. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा बसथांब्यावर खून झाला आणि पोलिसांनी तपासात अक्षम्य हयगय केली. न्यायमूर्ती मॅकफर्सन यांनी १९९९ मध्ये अहवाल दिला आणि लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद आहे असं म्हटलं. त्यांनी आणखी एक शिफारस केली: पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही एखादी घटना वंशवादी वाटली, तर पोलिसांनी तिची तशी नोंद करावी. यावर ब्रिटनमध्ये आजतागायत वाद चालू आहे. विरोधक म्हणतात, कुणाला नुसतं वाटलं म्हणून वंशवाद कसा ठरला? पण मॅकफर्सन यांची व्याख्या नोंदीसाठी आणि तपासासाठी होती, शिक्षेसाठी नव्हती. शिक्षेला पुरावा लागणारच होता. हा फरक पुसला गेला आणि राजकारणाला खाद्य मिळालं. २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या सीवेल आयोगाने ब्रिटनची व्यवस्था मुद्दाम वांशिक अल्पसंख्याकांच्या विरोधात रचलेली नाही, असा निष्कर्ष काढला. दोनच वर्षांनी लुईस केसी यांच्या अहवालाने लंडनच्या पोलीस दलाला पुन्हा तेच जुनं विशेषण लावलं. तिथले पोलीस आयुक्त म्हणाले की अहवालातलं वास्तव मान्य आहे, पण ते विशेषण वापरणार नाही. चोवीस वर्षांनी वाद उरला तो विशेषणाचा.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टानेच दोन भागांत मोडला. ड्यूक पॉवर या वीज कंपनीने नोकरीसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि बुद्धिमापन चाचण्यांची अट घातली होती. कामाशी त्या अटींचा संबंध नव्हता आणि काळे उमेदवार त्यात मोठ्या संख्येने गळत होते. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मालकाचा हेतू चांगला असला तरी अट चालणार नाही, कारण नोकरीच्या कायद्याला परिणाम बघायचा आहे. पाचच वर्षांनी वॉशिंग्टनच्या पोलीस भरतीतल्या चाचणीबद्दल त्याच न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेच्या समतेच्या कलमाखाली हेतू सिद्ध करावा लागेल. तेव्हापासून तिथलं राजकारण या दोन निकालांच्या मधल्या जागेत घडतंय. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून सरकारी खात्यांना परिणामाच्या कसोटीपासून मागे हटायला सांगितलं. हा आदेश मला घातक वाटतो. हेतू मोजता येत नाही, परिणाम मोजता येतो. मोजता येणारी गोष्ट मोजूच नका असं सरकार म्हणतं, तेव्हा त्यात कुणाची तरी सोय असते.

आपल्या सरकारचंही २००१ मध्ये काही वेगळं नव्हतं. दरबानला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, ही भारताची भूमिका होती. खरं तर जात म्हणजे वंश नव्हे हे आंबेडकरांनी फार आधी मांडलं होतं. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, असं त्यांनी दाखवलं ते जातीला आधारच नाही हे सांगण्यासाठी. तोच मुद्दा जातीवर जागतिक चर्चा नको म्हणून वापरणं ही उफराटी गोष्ट होती. जोतीराव फुल्यांना, ज्यांचं मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातलं कटगुण, हा नातेसंबंध १८७३ सालीच दिसला होता. त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना.

आता इथली, आजची गोष्ट. सांगलीला शिकायला आलेल्या एका ओळखीच्या मुलाबरोबर मी विश्रामबागेत खोली बघायला गेलो होतो. फाटकावर पाटी, ‘खोली भाड्याने देणे आहे, फक्त विद्यार्थ्यांसाठी’. घरमालकीणबाई साठीच्या, बोलायला अगदी मोकळ्या. ‘‘उन्हातनं आलायसा, बसा आधी,’’ म्हणून त्यांनी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणलं. खोली दाखवली, गिझर कधी लावायचा ते सांगितलं, गाडी कुठे लावायची तेही सांगितलं. मुलाने विचारलं, ‘‘काकू, डिपॉझिट किती?’’ त्यांनी आकडाही सांगितला. मग सहज विचारावं तसं, ‘‘आडनाव काय म्हणालास बाळा?’’ त्याने सांगितलं. आडनाव दोन-तीन समाजांत चालणारं. काकू थोडं थांबल्या. ‘‘गावाकडं घर कुठल्या आळीत?’’ त्याने तेही सांगितलं, न चाचरता. काकूंचा आवाज बदलला नाही, उलट आणखी मऊ झाला. ‘‘आमच्या ह्यांना विचारून सांगते हां. तसा एका पोराला शब्द दिल्यागत झालाय बघ.’’ रस्त्यावर आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, ‘‘चला काका, अजून दोन पाट्या वाचल्यात मी.’’ तो चिडला नव्हता. आळीचा प्रश्न आला तेव्हाच त्याला उत्तर कळलं होतं. ती पाटी पुढे कितीतरी दिवस फाटकावर तशीच होती.

या बाईंना जातीयवादी म्हणायचं का? माझ्या मते हा प्रश्न विचारूच नये. कारण तो विचारला की चर्चा त्यांच्या स्वभावावर जाते, आणि स्वभावाने त्या चांगल्याच आहेत. त्यांच्यासाठी दहा शेजारी साक्ष देतील. पण त्या मुलाला खोली मिळाली नाही, आणि ती त्याच्या आळीमुळे मिळाली नाही. आता तक्रार करायची म्हटली तर कुठे? १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, दोन्ही फौजदारी. राज्यघटनेचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी आणि रस्ते यांची नावं घेतं, भाड्याच्या खोलीचं नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम कायम ठेवला. खासगी नोकरीत, घरभाड्यात होणाऱ्या भेदभावावर साधा दिवाणी उपाय देणारा सर्वसमावेशक कायदा देशात नाही. शशी थरूर यांनी खासगी विधेयक मांडलं होतं, ते काही पुढे सरकलं नाही. म्हणजे त्या मुलासमोर दोनच वाटा: साठीच्या काकूंवर पोलीस घाला, नाहीतर गप्प बसा. बहुतेक जण गप्प बसतात. आणि जो एखादा गप्प बसत नाही त्याच्याकडे बोट दाखवून सगळं गाव म्हणतं, बघा, एवढ्याशा गोष्टीसाठी केस.

फौजदारी वाटेवर हेतूचा काटा कसा रुततो ते खैरलांजीने दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. खुनासाठी शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलं नाही. हत्या सूडापोटी झाली, जातीमुळे नाही, असं मानलं गेलं. सूड आणि जात या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं समजणाऱ्याने आपल्याकडचं गाव आतून पाहिलेलं नाही. सूड कुणावर उगवता येतो आणि कुणावर नाही, हे जातच ठरवते. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. गंभीर गुन्ह्यांत ‘जातीच्या कारणावरून’ ऐवजी ‘जात माहीत असून’ अशी कसोटी आली आणि २०१६ पासून ती लागू आहे. गावात एकमेकांना ओळखणाऱ्यांना जात माहीत असते, हेही कायद्याने गृहीत धरलं. ही दुरुस्ती योग्यच होती.

गैरवापर होतच नाही असं मी म्हणत नाही. होतो. आमच्या भागात तो कसा होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे: पाटलाच्या दोन गटांत सोसायटीच्या निवडणुकीवरून वैर असतं आणि एक गट आपल्या शेतावरच्या दलित मजुराला पुढे करून दुसऱ्यावर तक्रार घालायला लावतो. तक्रार मागे घ्यायची वेळ आली की तीही गटाच्या सोयीने. मग आकडेवारीत ती खोटी केस म्हणून जमा होते आणि दोष लागतो मजुराच्या समाजाला. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या नावावर. खऱ्या तक्रारीही अशाच गळतात, कारण साक्षीदार आरोपीच्याच रानात कामाला असतो, उद्या त्याला ऊसतोडीची टोळी मिळायची असते, पोराच्या लग्नाला उचल हवी असते. निर्दोष सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, हा निष्कर्ष काढताना हे विसरलं जातं. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं की एका अख्ख्या समाजाला खोटारडा समजणं मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे.

‘आरक्षण हाच खरा जातीयवाद’ या युक्तिवादावर फार शब्द खर्च करायची माझी तयारी नाही. जात बघून दार बंद करणं आणि बंद दार मोजण्यासाठी जात विचारणं यात फरक आहे, तो ज्याला दिसत नाही त्याला तो बघायचाच नाही. पण त्यामागे एक खरं दुःख आहे, ते नाकारू नये. माण-खटाव-आटपाडी-जतच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या मराठा किंवा धनगर शेतकऱ्याला आपलं कुणी ऐकत नाही असं वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. त्याला कुणी जातीयवादी म्हटलं की तो तडकतो, कारण त्याला जातीतून काय फायदा मिळाला हे त्याला दिसत नाही. त्याला हृदयपरिवर्तनाचे धडे देऊन काही होणार नाही. पण गावच्या पाण्याच्या टाकीची लाईन कुठल्या वस्तीपर्यंत गेली आणि कुठे थांबली, हे त्याच्यासमोर नकाशावर ठेवलं तर तो नाकारणार नाही. तो पाण्याचा माणूस आहे, पाईप कळतो त्याला.

मिरज तालुक्यातल्या बेडगचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये तिथे बाबासाहेबांच्या नावाची स्वागतकमान पाडली गेली आणि दलित कुटुंबं गाव सोडून, बायकापोरांसह, मुंबईच्या दिशेने चालत निघाली. एक बाजू म्हणाली, बांधकाम बेकायदा होतं. दुसरी म्हणाली, कमानीवरच्या नावाची अडचण होती. महिनाभर दोन्हीकडून एकमेकांची मनं वाचली गेली. मला विचाराल तर पहिल्याच दिवशी एक कागद मागायला हवा होता: पंचक्रोशीत बिनपरवाना कमानी, सभामंडप, पुतळे, वाढीव ओटे किती आहेत, आणि त्यातले गेल्या काही वर्षांत पाडले किती? सगळ्यांना एकच नियम लागला असेल तर आरोप आपोआप गळून पडतो. एकालाच लागला असेल तर हेतूची चर्चा हवी कशाला?

हीच रीत पारध्यांच्या बाबतीत लावली तर आपल्याला मान वर करता येणार नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरवणं, यापेक्षा शुद्ध वंशवाद तो काय असतो? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला. तरी गावात रात्री विहिरीवरची मोटर चोरीला गेली की सकाळी पोलिसांची गाडी कुठल्या पालाकडे वळते, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. फौजदाराच्या मनात द्वेष नसतो. ‘‘माहितीच्या आधारे संशयित ताब्यात घेतले’’ एवढीच त्याची भाषा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीनुसार कामवाटपाच्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे २०२४ पर्यंत हे नियमपुस्तकांत छापलेलं होतं, आणि रोज ते पाळणाऱ्या कुणालाही आपण काही वावगं करतोय असं वाटत नव्हतं.

माणसं बदलली की व्यवस्था बदलेल, असं म्हणणाऱ्यांना मी कर्मवीर भाऊराव पाटलांकडे बोट दाखवतो. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली. गांधीजींनी १९२७ मध्ये साताऱ्याला येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. त्या मुलांच्या आईबापांची मनं आधी साफ करून मग भाऊरावांनी चूल पेटवली नाही. चूल एकच ठेवली. ज्याला शिकायचंय त्याने त्याच चुलीवरची भाकरी खायची. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. मनं पुढे बदलली, काहींची नाही बदलली, पण त्या पंक्तीतून उठलेल्या मुलांनी हा जिल्हा घडवला. आज त्याच जिल्ह्यात आपण ‘मानसिकता बदलली पाहिजे’ असं भाषणात म्हणतो आणि घरी जातो. मानसिकतेवर बोलायला पैसा लागत नाही, चूल एक करायला लागतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. भेदभावाविरुद्ध राज्यस्तरावर दिवाणी कायदा व्हावा. भाड्याचं घर, खासगी नोकरी, शाळाप्रवेश, स्मशान, पाणी, या गोष्टी त्यात नाव घेऊन याव्यात. तक्रारदाराने फरक दाखवायचा, समोरच्याने कारण सांगायचं. सांगितलेलं कारण सगळ्यांना सारखं लावलं होतं का, एवढंच तपासायचं. अटक नाही, तुरुंग नाही. खोली द्या, लाईन जोडा, भरपाई द्या, असा आदेश काढायचा अधिकार जिल्ह्यातच असावा, कारण खोली शोधणाऱ्या पोराला मुंबईच्या खेपा परवडत नाहीत. ब्रिटनने २०१० च्या समता कायद्यात अप्रत्यक्ष भेदभावालाही असा दिवाणी उपाय दिलाय. आपल्याकडेही ही कल्पना परकी राहिलेली नाही. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला आणि हेतूपेक्षा परिणाम बघितला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला, तेव्हा राज्याला असे कायदे करायचं भान आहे. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णयही डिसेंबर २०२० मध्ये झाला. पाट्या बदलल्या, चांगलं झालं. आता त्या पाटीपलीकडे गटार आणि रस्ता किती आत जातो, तेही त्याच कागदावर यावं.

ॲट्रॉसिटी कायदा मात्र जसा आहे तसा राहावा. मारहाण, बलात्कार, जमीन हडपणं, गावाबाहेर हाकलणं, जातीवरून शिवीगाळ, यांना तोच लागतो. दिवाणी वाट मोकळी झाली तर लहान गाऱ्हाणी त्या वाटेने जातील आणि कायदा घालीन-काढीनचा हा खेळ पुष्कळ कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. मोर्चा काढणाऱ्या दोन्ही बाजूंना यात मिळण्यासारखं आहे.

आणि सुरुवात करायची तर सातारा-सांगलीत जागाही ठरलेली आहे. इथली सत्ता सहकारात आहे: साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँका, बाजार समित्या, शिक्षण संस्था. या सगळ्यांवर शासनाची हमी आणि सवलती आहेत, रयतेचं भागभांडवल आहे. त्यांनी दरवर्षी आपल्या वार्षिक अहवालात, नफा-तोट्याच्या पत्रकाशेजारी, आणखी एक पान छापावं: कायम नोकरीत कुठल्या प्रवर्गाचे किती, हंगामी किती, कंत्राटी किती, आणि सफाईच्या कामावर कोण. नावं नकोत, नुसते आकडे. अध्यक्षांच्या मनात काय आहे, हे त्या पानावर कुणी विचारणार नाही. सप्टेंबरात सभा होतात. सभासदाला प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि लेखी प्रश्न मुदतीत दिला तर संचालक मंडळाला उत्तर टाळणं सोपं नाही. हा प्रश्न पहिल्यांदा एखाद्या मराठा सभासदाने विचारावा अशी माझी इच्छा आहे.